अंगावरून काचेआड

दिवाळीत घरोघर नव्या कापडाचा वास दरवळतो. हेच कपडे चित्रांसारखे दालनात मांडतात आणि लोक तिकीट काढून ते पाहतात, असे आमच्या आजीला सांगितले असते तर तिने कपाळाला हात लावला असता. गंमत अशी, की विलायतेतल्या पंडितांचेही प्रथम फारसे वेगळे मत नव्हते.

लंडनचे व्हिक्टोरिया अँड आल्बर्ट संग्रहालय वस्त्रे जमवी, पण ती विणकामाचे, भरतकामाचे नमुने म्हणून. दर हंगामाला पालटणारी फॅशन म्हणजे बायकांचा नट्टापट्टा. तिला कलेच्या पंगतीत पाट कसा मांडायचा? तो मांडला एका दुकानाने. टॅल्बट ह्यूज या चित्रकाराने आपल्या चित्रांसाठी जुने पोशाख गोळा केले होते. हॅरड्स या बड्या दुकानाने १९१३ मध्ये ते १४०० हून अधिक नग विकत घेतले, काही दिवस दुकानात मांडले आणि मग संग्रहालयाला दान केले. जाहिरात झाली, पुण्यही पदरात पडले!

न्यूयॉर्कला ही वाट रंगभूमीवरून गेली. आयरीन लुइसन या नाटकवेड्या बाईच्या पुढाकाराने १९३७ मध्ये पोशाखकलेचे संग्रहालय निघाले. १९४६ मध्ये ते मेट्रोपॉलिटन संग्रहालयात सामील झाले. अंगावाचून अंगरखा म्हणजे बोचके, हे नाटकवाल्यांना कोणी शिकवावे लागत नाही. दालनात नेमके ते अंगच नसते. आत आलेला कपडा पुन्हा कोणी घालायचा नाही. उजेडाने रंग विटतो म्हणून दिवे मंद. आणि पुतळा बेतायचा तो कपड्याच्या मापाने. शिंप्याचा धंदाच उलटा!

१९७२ मध्ये ‘व्होग’ मासिकाच्या माजी संपादिका डायना व्रीलंड तिथे सल्लागार झाल्या. १९७३ मध्ये त्यांनी बालेन्सियागा या स्पॅनिश कारागिराचे पोशाख मांडले. पुढे त्यांच्या प्रदर्शनांत संगीत वाजू लागले, अत्तर दरवळू लागले. अभ्यासक चिडले. मला मात्र त्या नाटकाचा राग येत नाही. १९८३ मध्ये ईव्ह सँ लोराँ यांचे प्रदर्शन झाले तेव्हा ते हयात होते, त्यांचा मालही बाजारात होता. हे दालन की दुकानाची काच, हा टीकाकारांचा प्रश्न मला रास्त वाटतो.

पण इतिहासाच्या तासाला एका मुलीने मला याहून अवघड प्रश्न विचारला: “गरिबांचे कपडे कुठे ठेवलेत?”

ते फारसे उरलेच नाहीत. बापाचा कोट फाटला की कापून पोराला होई. तोही विरला की चिंधी. युरोपात लाकडाच्या लगद्याचा कागद येईपर्यंत चिंध्यांचाच कागद होत असे. म्हणजे मजुराचा सदरा एखाद्या पुस्तकाचे पान होऊन उरला असेल. काचेआड पोहोचले ते बहुतेक सणासुदीचे, जपून वापरलेले.

त्यातही श्रीमंतीचा फार डौल नको. अठराव्या शतकात रेशीम शिलाईपेक्षा कितीतरी महाग. फॅशन पालटली की झगा उसवून नव्या घाटाने पुन्हा शिवत. काचेजवळ वाकून पाहिले, तर अशा एखाद्या झग्यावर जुन्या शिवणीची बारीक भोके अजून ओळीने दिसतात.