चंदेरी डबी आणि ललत राग

१९८१च्या अखेरीस जपानच्या रोलँड कंपनीने टीबी-३०३ नावाचं एक छोटं यंत्र बाजारात आणलं. चंदेरी प्लास्टिकची डबी, चार सेलवर चालणारी, सहज काखोटीला मारून नेता येईल एवढी. गिऱ्हाईकही ठरलेलं होतं: घरी एकट्याने रियाज करणारा गिटारवादक. बास गिटारवाला सोबत नसेल तर त्याची जागा या डबीने भरून काढायची आणि ड्रमरची जागा तिच्या जोडीच्या टीआर-६०६ने. तादाओ किकुमोतो या इंजिनिअरने ही डबी घडवली. पण तिच्यातून निघणारा आवाज बास गिटारच्या आसपासही फिरकत नव्हता. तो चिरका होता, रबरासारखा ताणला जाणारा होता. शिवाय तिच्यात स्वर भरणं म्हणजे डोकेदुखी. आधी सगळे स्वर ओळीने भरायचे, मग वेगळ्या फेरीत त्यांची लय सांगायची. कुठे आघात हवा, कुठल्या स्वरावरून पुढच्या स्वरावर घसरत जायचं, हेही एकेक बटण दाबून नोंदवायचं. सेल उतरले की भरलेलं सगळं विस्कटून जाई.

गिटारवादकांनी तिच्याकडे पाठ फिरवली. साधारण १०,००० नग तयार झाले आणि १९८४मध्ये उत्पादन बंद पडलं.

मुंबईत मात्र एका वादकाने ती मन लावून शिकून घेतली होती. चरणजित सिंग हे हिंदी चित्रपटसंगीतातले मुरलेले साज़िंदे. बास गिटार, इलेक्ट्रिक गिटार, ट्रान्झिकॉर्ड हे इलेक्ट्रॉनिक अकॉर्डियन, हातात येईल ते वाजवणारे. रेकॉर्डिंग नसेल तेव्हा लग्नसमारंभात त्यांचा ऑर्केस्ट्रा चाले. नवीन वाद्य आलं की ते मिळवायचंच, ही त्यांची ओढ. रोलँडचा ज्युपिटर-८ हा महागडा सिंथेसायझर त्यांनी सिंगापूरहून आणला. टीबी-३०३ आणि टीआर-८०८ हे तालयंत्रही त्यांच्या संग्रहात आलं. ‘कुर्बानी’नंतरचे ते दिवस. चित्रपटात जिकडेतिकडे डिस्को. चरणजित सिंगांना वाटलं, हाच ठेका घ्यावा, तबला बाजूला ठेवावा आणि वर राग वाजवावेत. १९८२मध्ये ग्रामोफोन कंपनी ऑफ इंडियासाठी त्यांनी ‘सिंथेसायझिंग : टेन रागाज टु अ डिस्को बीट’ ही तबकडी ध्वनिमुद्रित केली.

तबकडीची सुरुवातच भैरवीने होते. मैफल भैरवीने संपते ही आपल्याकडची रीत, आणि इथे पहिलाच राग तो! त्यामागून ललत, भूपाळी, तोडी, मधुवंती. दुसऱ्या बाजूला मेघमल्हार, यमन, कलावती, मालकंस आणि बैरागी. यातला ललत कान देऊन ऐकण्यासारखा आहे. ललतात पंचम वर्ज्य, आणि शुद्ध व तीव्र असे दोन्ही मध्यम एकमेकांना खेटून येतात. त्या दोन मध्यमांमधला ताण गायक एरवी मींडेने, संथपणे उलगडतो. इथे ८०८चा ठोका एकसारखा पडत असतो, खालून ३०३ची सुरावट धावत असते आणि वर ज्युपिटरचे स्वर. ३०३मधलं ‘स्लाइड’चं बटण एका स्वरावरून दुसऱ्यावर घसरत नेतं खरं, पण त्या घसरणीला लागणारा वेळ कायम तेवढाच. गायकाची मींड प्रसंगानुसार लांबते, आखडते. यंत्राची तशीच राहते. म्हणून ही मींड नव्हेच. तरीही ललतातला तो ताण जाणवत राहतो आणि ऐकणारा सावरून बसतो.

शुद्धतेचा आग्रह धरणारे म्हणतील, १२ ठरावीक सुरांच्या यंत्रावर तोडीचा अतिकोमल गंधार येणार कसा? प्रश्न रास्त आहे, आणि नवाही नाही. याच कारणासाठी आकाशवाणीने १९४०पासून तीन दशकं हार्मोनियमला दारात उभं केलं नव्हतं. त्याच पेटीवर गोविंदराव टेंब्यांसारख्यांनी जे करून दाखवलं, ते महाराष्ट्राला सांगायला नको. यंत्राची मर्यादा ओळखून तिच्या आत राग जागा ठेवणं हे कसब आहे आणि चरणजित सिंगांकडे ते होतं.

तबकडी फारशी खपली नाही. नाचणाऱ्यांना तिच्यात ओळखीचं गाणं सापडेना, रागसंगीतवाल्यांना ठेका खुपला.

दरम्यान १९८३मध्ये मिडी आलं. वेगवेगळ्या कंपन्यांची वाद्यं एका केबलीने एकमेकांशी बोलू लागली. रोलँडचे संस्थापक इकुतारो काकेहाशी आणि अमेरिकेचे डेव्ह स्मिथ यांच्या पुढाकाराने झालेलं हे काम. त्याबद्दल २०१३मध्ये दोघांना तांत्रिक ग्रॅमी मिळालं. मिडीच्याच वर्षी, १९८३मध्ये, यामाहाचा डीएक्स-७ हा डिजिटल सिंथेसायझर आला आणि स्टुडिओंची आवड पालटली. मिडी नसलेली जुनी यंत्रं सेकंडहँड दुकानांत धूळ खात पडली. आणि स्वस्त झाल्यामुळेच ती नव्या हातांत गेली.

शिकागोतल्या डीजे पियेर, स्पँकी आणि हर्ब जे या तरुणांच्या हाती अशीच एक ३०३ लागली. स्वर नीट भरण्याच्या भानगडीत न पडता त्यांनी सुरावट चालू ठेवून वरचे खुंटे फिरवायला सुरुवात केली. कट-ऑफचा खुंटा वळवला की आवाज उघडतो, मिटतो. रेझोनन्स वाढवला की किंचाळतो. ‘फ्युचर’ या नावाने केलेलं ते ध्वनिमुद्रण रॉन हार्डी या डीजेने म्युझिक बॉक्स क्लबात एकाच रात्री चार वेळा लावलं, असं पियेर सांगत आले आहेत. पहिल्यांदा लोक उठून गेले, चौथ्यांदा बेभान होऊन नाचले. १९८७मध्ये ते ‘ॲसिड ट्रॅक्स’ म्हणून प्रसिद्ध झालं आणि ॲसिड हाउस हा प्रकार जगभर पसरला.

एडो बाउमन या डच संग्राहकाला २००२मध्ये दिल्लीत चरणजित सिंगांची तबकडी सापडली. २०१०मध्ये त्याने ती पुन्हा प्रकाशित केली तेव्हा युरोपातल्या जाणकारांचा विश्वास बसेना. कुणा इंग्रज संगीतकाराने केलेली ही थट्टा असावी, अशीही कुजबुज झाली. मग ‘ॲसिड हाउसचा जनक मुंबईचा’ असे मथळे झळकू लागले. हा मान देण्याची घाई करू नये. शिकागोच्या मुलांनी ही तबकडी ऐकलेली नव्हती, आणि ॲसिड हाउस जन्मलं ते नाचणाऱ्यांच्या गर्दीत. चरणजित सिंग राग वाजवत होते. त्यांचं काम वेगळं आणि स्वतःच्या बळावर उभं आहे. त्याला कुणाचं पितृत्व चिकटवायची गरज नाही. उतारवयात त्यांनी युरोपात जाऊन हे राग पुन्हा वाजवले. ५ जुलै २०१५ रोजी मुंबईत त्यांचं निधन झालं.

३०३चं पुढचं आयुष्य संगणकात गेलं. १९९७मध्ये स्वीडनच्या प्रोपेलरहेड कंपनीने ‘रीबर्थ’ हे सॉफ्टवेअर काढलं आणि ३०३ व ८०८ दोन्ही पडद्यावर आल्या, खुंट्यांसकट. आज घरबसल्या लॅपटॉपवर संगीत करणाऱ्या मुलाला तो चिरका आवाज एका क्लिकवर मिळतो. चालू स्थितीतली मूळ डबी मात्र तिच्या पहिल्या किमतीच्या कितीतरी पट भावाने विकली जाते.

महाराष्ट्राच्या गावागावांत रोलँडचं आणखी एक यंत्र पोचलेलं आहे: ऑक्टापॅड. १९८५चा पहिला ऑक्टापॅड स्वतः आवाज काढतच नसे. मिडीच्या केबलीने दुसऱ्या यंत्रातला आवाज वाजवी. ऑर्केस्ट्रा आणि बँजो पार्ट्यांनी त्याच्या पुढच्या आवृत्त्या अशा आपल्याशा केल्या की त्याच्याविना मिरवणुकीची कल्पना करवत नाही. ही यंत्रं पहिल्यांदा हाताळणारे, ढोलकीचे बोल पॅडवर कसे बसवायचे हे स्वतःच शोधून काढणारे वादक आता वयस्कर झाले आहेत. चरणजित सिंगांचं काम एका परदेशी संग्राहकाच्या हाती लागलं म्हणून वाचलं. आपल्या गावात, नात्यात असा कुणी वादक असेल तर त्याच्यासमोर रेकॉर्डर ठेवा, त्याच्या वह्या आणि कॅसेटी जपून ठेवा, आणि कोणतं यंत्र कधी आलं, कसं वाजवलं, हे त्याच्याच तोंडून नोंदवून घ्या.