शीर्षकाची खूण

‘मोरोपंतांनी परंतु रामायण रचिले’ हे वाक्य बारामतीच्या एखाद्या वर्गात फळ्यावर लिहून अर्थ विचारावा. इतरांनी अन्य काही रचिले असेल, मोरोपंतांनी मात्र रामायण, असेच विद्यार्थी समजतील. त्यांचा दोष नाही. ‘परंतु रामायण’ हे काव्याचे नाव आहे, हे सांगणारी खूणच त्या वाक्यात नाही. बारामतीस नाईकांच्या आश्रयाने पुराणिक म्हणून राहिलेल्या या कवीने (१७२९–१७९४) १०८ रामायणे रचिली, अशी ख्याती आहे. ओष्ठ्य वर्ण टाळून रचिलेले ‘निरोष्ठ रामायण’ त्यांपैकीच. इतक्या रामायणांना वेगवेगळी नावे हवीतच.

पंतांच्या काळी ही अडचण भासली नाही. पोथीत ग्रंथनाम ‘इति’ आणि ‘समाप्त’ यांच्या आधाराने ओळखू येई. दंडावाचून दुसरे चिन्ह क्वचितच आढळे. मोडीत तर शब्दही सुटे लिहीत नसत. उरलेला अर्थ पुराणिकाचा आवाज सांगे.

पुढे छापखाना आला आणि वाचक एकटा पडला. इंदापूर तालुक्यात गोल्डस्मिड व विंगेट यांनी जमिनीची नवी पाहणी आरंभिली ते साल १८३६. दादोबा पांडुरंग तर्खडकरांचे मराठी व्याकरण निघाले तेही त्याच साली. शेताला बांध आणि भाषेला नियम एकदमच आले म्हणावयाचे! १८५० साली मेजर टॉमस कँडी यांनी ‘विरामचिन्हांची परिभाषा’ लिहून इंग्रजी चिन्हे मराठीत रुजविली. मात्र इंग्रजीतील मोठे अक्षर येऊ शकले नाही, कारण देवनागरीत लहानमोठी अक्षरे नाहीतच.

आपल्या ‘क्रिस्तपुराणा’चेच पाहा. फादर स्टीफन्स यांचा हा ग्रंथ १६१६ साली रोमन लिपीत छापला गेला. त्या लिपीत नावाला मोठ्या अक्षराचा आधार मिळू शकतो. १९५६ साली शांताराम बंडेलू यांनी पुण्यात तो देवनागरीत आणला, तेव्हा हा आधार सुटला. मराठीत शीर्षकाचा सारा भार अवतरणचिन्हावर आहे, तो असा.

म्हणून इंग्रजीच्या तासाला शिकविलेला मोठ्या अक्षरांचा नियम मराठीच्या तासाला निरुपयोगी ठरतो. ‘काल मी श्यामची आई पाहिली’ असे लिहिणारा मुलगा चित्रपटाला गेला होता की श्यामच्या घरी, हे दोन छोट्या चिन्हांवाचून कळत नाही. ग्रंथनामाला एकेरी चिन्ह, कोणाच्या तोंडच्या शब्दांना दुहेरी, एवढे चौथीतल्या मुलालाही जमते. खरी अडचण विभक्तीची आहे. ‘केकावली’त असे लिहून प्रत्यय चिन्हाबाहेर ठेवता येतो, पण ‘आर्याभारत’ला तोच प्रत्यय लावताच ‘आर्याभारता’त असे होऊन नावाचे शेपूट बदलते. वर मीही ‘क्रिस्तपुराणा’चे असेच केले आहे. अशा वेळी मुलांना ‘आर्याभारत’ या काव्यात, असे लिहावयास शिकवावे. एक शब्द वाढतो, पण पंतांनी ठेवलेले नाव शाबूत राहते.