बायकांचा डबा



आज मी तुम्हांला मुंबईच्या लोकलची गोष्ट सांगणार आहे. तुम्ही म्हणाल, आपल्या जुन्नर-आंबेगावात ना रूळ ना स्टेशन, मग लोकलची गोष्ट कशाला? पण आपल्या घरांत 'लोकल' हा शब्द खुरप्याइतकाच रोजचा आहे. कुणाचा नवरा, कुणाचा दीर, कुणाचा भाऊ मुंबईला जेवणाचे डबे पोचवायला गेलेला.

माझे सासरेही डबेवाले होते. सासूबाई गावी शेती, म्हातारी माणसं आणि तीन लेकरं सांभाळायच्या. सासरे तिकडे आजारी पडले, तेव्हा सासूबाई पहिल्यांदा एकट्या घराबाहेर पडल्या. एसटीने माळशेज घाट उतरून कल्याणला आल्या. स्टेशनातली गर्दी बघून त्यांचे पाय लटपटले. दोन लोकल तशाच जाऊ दिल्या. मग भाजीची पाटी घेतलेली एक बाई म्हणाली, "मावशी, हिथं काय उभ्या? आपला डबा पुढं लागतो." तिनं हात धरून त्यांना बायकांच्या डब्यात चढवलं. सासूबाई शेवटपर्यंत सांगायच्या, "मुंबईत मला पहिली जागा त्या डब्यानं दिली."

तो डबा आला कुठून, ते आज बघू.

कल्याण आपल्याला नवं नाही. दोन हजार वर्षांपूर्वी जुन्नरचा माल नाणेघाटातून उतरून कल्याण बंदराकडे जायचा. सातवाहनांची राणी नागनिका हिचा कोरीव लेख त्या घाटातल्या लेण्यात आजही आहे.

पुढे इंग्रजांच्या काळात, १६ एप्रिल १८५३ रोजी, बोरीबंदर ते ठाणे अशी पहिली प्रवासी गाडी धावली. अंतर ३४ किलोमीटर, डबे १४, पाहुणे ४०० आणि ओढायला तीन इंजिनं: साहिब, सिंध आणि सुलतान. मुंबईत रेल्वे यावी म्हणून झटणाऱ्यांत नाना शंकरशेट होते. त्यांचं मूळ आपल्या घाटाखालच्या मुरबाडचं. वर्षभराने, १ मे १८५४ ला, गाडी कल्याणला पोचली.

समोर सह्याद्री उभा होता. रुळांनी पुण्याकडे बोरघाट धरला, नाशिककडे थळघाट. मधले नाणेघाट आणि माळशेज राहून गेले. म्हणून आजही आपण कल्याण गाठतो ते एसटीने. बोरघाटाच्या कामाचा ठेकेदार १८५९ साली इथं येऊन थोड्याच दिवसांत वारला. तेव्हा त्याची बायको, अॅलिस ट्रेडवेल, हिने ठेका आपल्या हाती घेतला आणि माणसं नेमून काम चालू ठेवलं. १८६३ मध्ये घाट खुला झाला. त्या कामावर हजारो मजूर खपले, कितीतरी रोगराईने गेले. पाट्या वाहणाऱ्या बायाही त्यांत होत्या. त्यांची नावं कुठं लिहिलेली नाहीत.

आता डब्याकडे येऊ. त्या काळी बाईमाणसाने परक्या पुरुषांच्या गर्दीत बसणं घरच्यांना रुचायचं नाही. मग १८९० च्या रेल्वे कायद्यात एक कलम आलं. १ जानेवारी १८९१ पासून प्रत्येक प्रवासी गाडीत, सगळ्यांत खालच्या वर्गाचा निदान एक कप्पा फक्त बायकांसाठी राखून ठेवायचा. गाडी ५० मैलांपेक्षा लांब जाणार असेल, तर त्या कप्प्यात संडासही हवा. खालचा वर्ग म्हणजे स्वस्त तिकिटाचा, गरिबाघरच्या बाईला परवडणारा. हे महत्त्वाचं. कुणाच्या मेहरबानीवर न सोडता ती जागा कायद्यात लिहिली गेली.

मुंबईत डबे पोचवण्याचा धंदा महादू हावजी बच्चे यांनी सुरू केला, तोही १८९० च्याच सुमाराला. जुन्नर, आंबेगाव, खेड, मावळ, मुळशीची माणसं त्यात शिरली. ३ फेब्रुवारी १९२५ ला बोरीबंदर-कुर्ला मार्गावर विजेची गाडी सुरू झाली. कोळसा-पाणी भरायला नको, टोकाला इंजिन फिरवायला नको, त्यामुळे गाड्या लागोपाठ सोडता येऊ लागल्या. शहर लांबवर पसरलं. घर एकीकडे, कचेरी दुसरीकडे. मग घरचं जेवण पोचवणारा लागलाच. आपले गडी लोकलच्या मालडब्यात पाट्या चढवू लागले. इकडे बांधावर कोण होतं? आपल्या सासवा, आज्या. तो धंदा त्यांच्याही जिवावर उभा राहिला, पण हजेरी लागली ती गड्यांची.

पुढे नोकरीला जाणाऱ्या बायका वाढल्या. एक-दोन कप्पे पुरेनात. ५ मे १९९२ ला चर्चगेट-बोरिवली अशी अख्खी गाडी बायकांसाठी सुटली, लेडीज स्पेशल. मध्य रेल्वेवर २००० साली लेडीज स्पेशल आली, ती चालवायला सातारच्या सुरेखा यादव होत्या. याच सुरेखाताईंनी ८ मार्च २०११ ला पुण्याहून डेक्कन क्वीन घाटातून मुंबईला नेली. ज्या बोरघाटात बायांनी पाट्या वाहिल्या, तिथं बाईच्या हाती इंजिन आलं.

सगळं गोड झालं असं नाही. बायकांच्या डब्यातही आज श्वास कोंडतो, दारात लटकावं लागतं. कधी मुंबईला गेलात तर डब्यावरची पाटी वाचा. काही डबे चोवीस तास बायकांचे असतात, काही ठरावीक वेळेपुरते.

आणि आपल्याकडे? आपली गाडी म्हणजे एसटी. १७ मार्च २०२३ पासून बायकांना अर्धं तिकीट झालं, चांगलं झालं. पण गाडीच आली नाही तर अर्ध्या तिकिटाचं काय करायचं? संध्याकाळची गाडी चुकते म्हणून किती पोरींचं कॉलेज सुटलं, ते आपापल्या वाडीत मोजून बघा.

ग्रामसभेच्या आधी महिलांची सभा घ्यायची, असा नियम आहे. या वेळी गटाच्या बैठकीत वेळापत्रक मांडा. किती पोरी, कोणता थांबा, किती वाजता, हे लिहा. महिला सभेत ठराव करा, ग्रामसभेत वाचून घ्या आणि त्याची नक्कल आगारात देऊन पोच घ्या. तोंडी सांगितलेलं वाऱ्यावर जातं. सासूबाईंना कल्याणला जागा मिळाली, कारण कुणीतरी ती कागदावर लिहिली होती, आणि एका बाईने हात धरून ती दाखवली होती.

आपल्यालाही ही दोन्ही कामं करायची आहेत. रामराम.