फेरी बिल्डिंग : एका धक्क्याची हकीकत

धक्क्याचा इतिहास सांगताना गव्हर्नरांची आणि वास्तुशिल्पींची नावे येतात. पाठीवर ओझे घेऊन त्याच धक्क्यावर चालणाऱ्या माणसाचे नाव येत नाही. आम्ही आयुष्य संघटनेच्या कामात घालविले, त्यामुळे आमची नजर आधी त्या माणसाकडे जाते. हा दोष समजावा किंवा सवय. अमेरिकेतील सॅन फ्रान्सिस्को शहराच्या फेरी बिल्डिंगची हकीकत आम्ही सांगतो आहोत ती याच नजरेने. ते शहर आम्ही पाहिलेले नाही. जे जाणले ते पुस्तकांवरून.

हे शहर द्वीपकल्पाच्या टोकाला वसलेले आहे. पलीकडे ओकलंड, मध्ये उपसागर. मोरा-रेवसला जायचे तर मुंबईकराने भाऊच्या धक्क्यावर यावे, तसे तिथल्या माणसाला फेरीबोटीवाचून गत्यंतर नव्हते. १८९८ मध्ये बोटींसाठी ही दगडी इमारत उघडली. आराखडा ए. पेज ब्राउन यांचा. काम पुरे होण्याआधीच ते वारले. मनोरा २४५ फूट उंच, त्यावर घड्याळ. १८ एप्रिल १९०६ च्या भूकंपात आणि आगीत निम्म्याहून अधिक शहर गेले, मनोरा उभा राहिला, आणि हजारो बेघर लोक त्याच्याच पायथ्याशी बोटीत चढून पलीकडे गेले. १९३० च्या सुमारास येथून दिवसाला पन्नास हजारांपर्यंत उतारू ये-जा करीत.

पण उतारूंची गर्दी सुरू होण्याआधी, पहाटे, या इमारतीसमोर दुसरी गर्दी जमे. ती गोदी कामगारांची. आपल्या शहरात सकाळी मजूर नाक्यावर माणसे उभी असतात, तेच दृश्य. मुकादम यायचा, बोट करायचा. ज्याच्याकडे बोट गेले त्याला काम, बाकीच्यांनी घरी जावे किंवा दुपारपर्यंत ताटकळावे. मुकादमाला बाटली द्यावी लागे, पैसे द्यावे लागत. एक संघटना होती, पण ती मालकांच्या कृपेची. तिचे निळे पुस्तक खिशात नसेल तर काम नाही. ज्याला ओळख नाही त्याला पोट नाही, असा हा रिवाज.

९ मे १९३४ रोजी पश्चिम किनाऱ्यावरील बंदरांत संप झाला. पुढाऱ्यांत मूळचा ऑस्ट्रेलियाचा एक गोदी कामगार होता, हॅरी ब्रिजेस. मजुरीवाढीची मागणी होतीच, पण खरा तंटा एकाच गोष्टीवर होता : माणसाला काम कोणी वाटायचे? ५ जुलैला मालकांनी पोलिसांच्या जोरावर बंदर उघडण्याचा प्रयत्न केला. अश्रुधूर झाला, गोळीबार झाला. फेरी बिल्डिंगपासून हाकेच्या अंतरावर दोन माणसे मेली. ९ जुलैला त्यांच्या प्रेतयात्रेत हजारो माणसे मार्केट स्ट्रीटवरून घोषणा न देता चालली. पुढच्या आठवड्यात सारे शहर चार दिवस बंद पडले. संप ८३ दिवसांनी मिटला आणि ऑक्टोबरमध्ये लवादाने निवाडा दिला. कामवाटपाचे केंद्र मालक व संघटना यांनी मिळून चालवावे, पण काम वाटणारा माणूस संघटनेने निवडावा. ज्याचे तास कमी भरले असतील त्याची पाळी आधी. मुकादमाचे बोट तेथे संपले. आमच्याकडे १९६९ च्या माथाडी कायद्याने मालकाला मजुरी मंडळाकडे भरायला लावली. ज्याने त्याआधीचे दिवस पाहिले असतील त्याला या निवाड्याचे मोल वेगळे सांगायला नको.

इमारतीचे दिवस मात्र फिरले. १९३६ मध्ये ओकलंडचा पूल झाला, १९३७ मध्ये गोल्डन गेट. बोटी रिकाम्या पडल्या आणि १९५८ मध्ये शेवटची बंद झाली. लगेच इमारतीच्या नाकासमोर मोटारींसाठी दुमजली उंच रस्ता उभा राहिला. शहर एका बाजूला, पाणी दुसऱ्या बाजूला. लोकांनी ओरड केली तेव्हा तो रस्ता पुढे वाढविण्याचे थांबले, एवढेच.

त्याच सुमारास कंटेनर आला. जुने धक्के बोटांसारखे पाण्यात घुसलेले, अरुंद. पेट्या रचायला त्यांच्यामागे मैदान नाही. माल ओकलंडला जाऊ लागला. येथे ब्रिजेस यांच्या संघटनेने जे केले त्यावर आमच्या मंडळींत अजून वाद होतो. यंत्राला अडविण्याऐवजी त्यांनी १९६० मध्ये करार केला : यंत्रे आणा, पण नोंदलेल्या एकाही कामगाराला काढायचे नाही, आणि बचतीतून दरसाल पन्नास लाख डॉलर कामगारांच्या निधीत भरा. दीर्घ नोकरीनंतर निवृत्त होणाऱ्याला सुमारे आठ हजार डॉलर मिळत. दुसऱ्या वर्गात नोंदलेल्या तरुणांना मात्र असे संरक्षण मिळाले नाही, हेही सांगितले पाहिजे. पुढे १९७१-७२ मध्ये त्याच संघटनेला १३४ दिवसांचा संप करावा लागला. तरीही आमचे मत करार करणाऱ्यांच्या बाजूचे आहे. धक्के ओस पडण्यापूर्वी त्यांनी हिशेब मांडला. मुंबईच्या गिरणी कामगारांच्या नशिबी उलटे आले. १८ जानेवारी १९८२ ला संप सुरू झाला, गिरण्या बसल्या, आणि जमिनीचा प्रश्न नंतर निघाला. १९९१ च्या नियमावलीने गिरण्यांच्या जमिनीचा तिसरा हिस्सा महापालिकेला आणि तिसरा परवडणाऱ्या घरांना ठेवला होता. २००१ च्या दुरुस्तीने ही वाटणी फक्त मोकळ्या जमिनीपुरती उरली. गिरणगावातील किती घरांनी या एका दुरुस्तीची किंमत मोजली, ते तेथल्या चाळींत विचारावे.

सॅन फ्रान्सिस्कोत भूमीची मालकी वेगळी होती. बंदर १८६३ पासून राज्याकडे होते. १९६८ च्या कायद्याने ते शहराला मिळाले, पण लोकांची ठेव म्हणून. भाड्याने देता येते, वाटेल त्याला विकता येत नाही. १९७० मध्ये बंदर आयोगावर नेमणूक झाली ती कोणाची? त्याच हॅरी ब्रिजेस यांची. ज्याला एकदा देशाबाहेर घालविण्यासाठी सरकारने वर्षानुवर्षे खटले चालविले, तो बंदराचा कारभार पाहू लागला!

उंच रस्ता पाडावा काय, असे १९८६ मध्ये मतदारांना विचारले, तर त्यांनी नको म्हटले. १७ ऑक्टोबर १९८९ च्या भूकंपाने निकाल फिरविला. रस्ता मोडकळीस आला, ओकलंडचा पूल महिनाभर बंद राहिला, आणि ज्या बोटींना पुलाने घालविले होते त्या पुन्हा धावू लागल्या. १९९१ पासून रस्ता पाडला गेला. किनाऱ्याची योजना लोकांसमोर ठेवूनच करावी, असे मतदारांनी १९९० मध्ये ठरविले होते. ती योजना १९९७ मध्ये मंजूर झाली. जुनी इमारत डागडुजी होऊन २००३ मध्ये उघडली. खाली खाद्यपदार्थांची दुकाने, वर कचेऱ्या, मागे बोटींचे नवे धक्के. शनिवारी शेतकऱ्यांचा बाजार भरतो. भाव मजुराला परवडणारे नसतात, असे लिहिणाऱ्यांनी लिहिले आहे. आम्हाला त्यात नवल वाटले नाही.

पहाटेची ती गर्दी जेथे उभी राहत असे, तेथे उंच रस्ता गेल्यावर मोकळे पटांगण झाले. त्याला हॅरी ब्रिजेस यांचे नाव आहे. पटांगणाखालची समुद्रभिंत शंभर वर्षांहून जुनी, तीन मैल लांब. भूकंपाचे भय आहे आणि समुद्रही चढतो आहे. २०१८ मध्ये मतदारांनी तिच्या मजबुतीसाठी साडेबेचाळीस कोटी डॉलरचे कर्जरोखे मंजूर केले.