पाचशे मीटर पुढचा नेम: पाणबुडीचा गेम आणि खुकरीची रात्र

आजचा विषय आपल्या जुन्नर-आंबेगावला जरा लांबचा वाटेल. नाणेघाटाच्या तोंडाशी उभं राहिलं तर खाली कोकण दिसतं, पाणबुडी काही दिसत नाही. पण मोबाईल आणि लॅपटॉपवर पाणबुडीचे गेम खेळणाऱ्यांना एक प्रश्न पडतोच: जहाज अगदी मधोमध धरलं होतं, मग टॉर्पेडो चुकला कसा?

याचं उत्तर गोफणवाल्याला विचारा. उडत्या पाखरावर तो दगड मारत नाही. पाखरू जिथं पोचणार, तिथं मारतो. टॉर्पेडोचंही तेच.

'सायलेंट हंटर'सारख्या गेममध्ये तीन गोष्टी काढाव्या लागतात: जहाज किती लांब आहे, त्याचं तोंड कुठे आहे आणि त्याचा वेग किती. डोलकाठीची उंची माहीत असली की पेरिस्कोपमधल्या खुणांवरून अंतर निघतं. वेगासाठी पाणबुडी जवळपास थांबवायची आणि घड्याळ लावायचं. १०० मीटर लांबीचं आडवं जाणारं जहाज पेरिस्कोपची उभी रेघ २० सेकंदांत ओलांडून गेलं, तर वेग झाला सेकंदाला ५ मीटर, म्हणजे जवळपास १० नॉट.

आता समजा टॉर्पेडो सेकंदाला १५ मीटर जातो आणि अंतर आहे १५०० मीटर. पोचायला १०० सेकंद लागणार. तेवढ्यात जहाज ५०० मीटर पुढे गेलेलं असणार. म्हणून नेम ५०० मीटर पुढे. वेग मोजताना सेकंदाला एका मीटरची जरी चूक झाली, तरी टॉर्पेडो १०० मीटर बाजूने जातो. जहाजाच्या मध्यावर नेम असेल तर तो चुकलाच म्हणायचा. म्हणूनच युद्धात जहाजं नागमोडी चालतात आणि वेग बदलत राहतात. समोरच्याचं गणित बिघडवणं, हाच त्यांचा बचाव.

हे गणित आपल्या जवळच्या समुद्रात खरं झालं ते १९७१ साली. डिसेंबरमध्ये पाकिस्तानची 'हंगोर' ही पाणबुडी सौराष्ट्राच्या किनाऱ्याजवळ फिरत होती. तिला शोधायला मुंबईहून 'खुकरी' आणि 'किरपाण' या फ्रिगेट निघाल्या. पाणबुडीचा आवाज ऐकायचं यंत्र म्हणजे सोनार. खुकरीच्या सोनारला एक नवं उपकरण जोडून त्याची चाचणी चालू होती, आणि ते नीट चालावं म्हणून जहाजाचा वेग कमी ठेवला होता. इथंच खरा पेच आहे बघा. नीट ऐकायचं तर हळू चाला, आणि हळू चाललात तर समोरच्याला तुम्हाला गाठणं सोपं. त्यात हंगोरला या फ्रिगेटपेक्षा लांबचं ऐकू येत होतं.

९ डिसेंबरच्या रात्री हंगोरने पहिला टॉर्पेडो किरपाणवर सोडला. तो आवाजाचा माग काढत जाणारा होता, तरी फुटलाच नाही. दुसरा खुकरीला लागला. अवघ्या काही मिनिटांत जहाज बुडालं. १८ अधिकारी आणि १७६ नौसैनिक गेले. कॅप्टन महेंद्रनाथ मुल्ला जहाज सोडून गेले नाहीत. त्यांना मरणोत्तर महावीर चक्र मिळालं. दुसऱ्या महायुद्धानंतर पाणबुडीने युद्धनौका बुडवल्याची ही पहिलीच घटना.

दुसरी घटना १९८२ ची, फॉकलंडच्या युद्धातली. ब्रिटनच्या 'काँकरर' या अणुपाणबुडीकडे नव्या जातीचे टॉर्पेडोही होते, पण कॅप्टनने जुने, सरळ जाणारे वापरले. म्हणजे आपलं वरचंच गणित. तीन सोडले, दोन लागले आणि अर्जेंटिनाची 'जनरल बेलग्रानो' बुडाली. ३२३ माणसं गेली.

गेममध्ये जहाज बुडालं की पडद्यावर त्याचं वजन टनात येतं. आत किती माणसं होती, तो आकडा येत नाही. गेम खेळू नका असं मी मुळीच म्हणत नाही. उलट हे त्रिकोणाचं गणित वर्गापेक्षा तिथं लवकर डोक्यात बसतं. फक्त तो दुसरा आकडाही लक्षात असू द्या.

कधी दीवला गेलात तर किनाऱ्यावरचं खुकरीचं स्मारक बघाच. त्याच नावाची पुढची नौका आपल्या मुंबईत, माझगाव डॉकमध्ये बांधली गेली. २०२१ मध्ये ती निवृत्त झाली आणि आता तीही दीवलाच आहे.

आज इथंच थांबतो. भेटू पुढच्या भागात!