तासाला एक सेंटिमीटर

गर्भाशयाचं तोंड म्हणजे स्नायूंचं कडं. ते नऊ महिने आवळलेलं असतं आणि कळा आल्या की सैल पडतं, अशी समजूत वैद्यकात बराच काळ रुजलेली होती. १९४७ मध्ये अमेरिकन डॉक्टर डेव्हिड डॅनफर्थ यांनी दाखवलं, की तिथे स्नायू थोडेच आहेत. बहुतेक भाग कोलॅजेनच्या चिवट तंतूंचा.

हा शोध फार मोलाचा होता, कारण तंतू स्नायूंसारखे क्षणात सैल पडत नाहीत. त्यांची घडणच बदलावी लागते, आणि ते काम कळांच्या कितीतरी आधी सुरू होतं. एरवी बोटाला नाकाच्या शेंड्यासारखं घट्ट लागणारं हे तोंड गरोदरपणात ओठांसारखं मऊ लागतं, असं प्रसूतिशास्त्राचे विद्यार्थी पिढ्यान्‌पिढ्या शिकत आले आहेत. दिवस भरत आले की कोलॅजेनची वीण उसवते, हायल्युरोनिक आम्ल वाढतं, ऊतीत पाणी धरलं जातं. प्रोस्टाग्लँडिनं ही संप्रेरकांसारखी द्रव्यं या कामाला हातभार लावतात. तीन-चार सेंटिमीटर लांबीचा हा भाग आखूड होतो, पातळ पडतो आणि पूर्ण उघडतो तेव्हा दहा सेंटिमीटर रुंद होतो.

किती उघडलं, हे बोटांनी पाहायचं. ‘दोन बोटं उघडलंय’ हे आपल्याकडच्या लेबर रूममध्ये आजही ऐकू येतं. न्यूयॉर्कमध्ये डॉक्टर इमॅन्युएल फ्रीडमन यांनी या मोजमापाला घड्याळाची जोड दिली. १९५५ मध्ये त्यांनी ५०० पहिलटकरणींचा अभ्यास प्रसिद्ध केला. त्यातल्या आलेखाची रेघ आधी रेंगाळते, मग झपाट्याने चढते.

त्या आलेखाचा खरा उपयोग झाला तो आफ्रिकेत. तेव्हाच्या ऱ्होडेशियात, सॅलिसबरीच्या (आजचं हरारे) आसपास, आडगावच्या दवाखान्यांतली बाळंतपणं सुईणी करत. अडलेल्या बाईला मोठ्या रुग्णालयात कधी हलवायचं, हे त्यांनाच ठरवावं लागे. १९७२ मध्ये फिलपॉट आणि कॅसल या संशोधकांनी आलेखावर तासाला एक सेंटिमीटर वेगाची ‘सावधान’ रेघ ओढली. बाई तिच्या मागे पडली की हलवायचं. चार तास पुढे दुसरी रेघ, उपचारांची. वाटेत जाणारा वेळ त्या अंतरात धरलेला होता. जागतिक आरोग्य संघटनेने आग्नेय आशियात ३५ हजारांहून अधिक बाळंतपणांत ही पद्धत तपासली. १९९४ मध्ये निष्कर्ष आले: लांबलेली बाळंतपणं आणि जंतुसंसर्ग, दोन्ही घटले.

मात्र मदत वेळेत पोहोचावी म्हणून आखलेल्या रेघेने निरोगी बाईला घाई करणं अन्यायाचंच. २०१८ मध्ये त्याच संघटनेने सांगितलं, की तासाला एक सेंटिमीटर हा वेग काही स्त्रियांच्या बाबतीत अवास्तव आहे; आई-बाळ ठीक असतील तर पाच सेंटिमीटरआधी कळा वाढवायला ऑक्सिटोसिन देऊ नये, सीझरही करू नये. संघटनेच्या २०२० च्या बाळंतपणाच्या तक्त्यात ती ‘सावधान’ रेघ उरलेली नाही. पाच सेंटिमीटरवर सहा तास, नऊवर दोन तास होईपर्यंत धोक्याची खूण करायची नाही. आणि वरच्याच रकान्यांत एक नोंद आहे: बाईच्या सोबतीला कुणी आहे का?