तळटीप : ‘अल ऐनच्या कोर्टाने बसवलेला खर्च’

* अल ऐनची न्यायालये अबुधाबीच्या न्याय विभागाखाली येतात. १७ जानेवारी २०२० च्या अधिसूचनेमुळे त्यांचा पैशांचा हुकूमनामा दिवाणी प्रक्रिया संहितेच्या कलम ४४-अ खाली थेट भारतातील जिल्हा न्यायालयात बजावणीसाठी दाखल करता येतो. नुसत्या दावाखर्चाचा आदेशही यात मोडतो. इंग्लंडच्या हायकोर्टाने नाशिकच्या अल्कॉन इलेक्ट्रॉनिक्सवर बसवलेला बारा हजार पौंडांहून अधिक खर्च वसूल करण्याजोगा आहे, तो कर किंवा दंड नव्हे, असे सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर २०१६ मध्ये ठरवले. भारतात हरकत घेता येते ती संहितेच्या कलम १३ मधल्या कारणांवर, म्हणजे अधिकारक्षेत्र नसणे, बाजू मांडू न देणे, लबाडी वगैरे. आकडा फुगवलेला वाटत असेल, तर अबुधाबीच्या न्यायव्यवस्थेतच मुदतीत अपील करावे. गावी परतल्याने देणे बुडत नाही.